रॉकेल आणि खडू

नवाब तडवीनं काउंटरवर दोन क्रँक ठेवले.
एक काळा, कार्बनचा, पुण्यात कुणीतरी वापरून विकलेला.
एक अ‍ॅल्युमिनियमचा, त्याचाच, तीन हंगाम जुना.
म्हणाला, काका, रविवारी पालच्या वरून थेट खेरोद्यापर्यंत उतरायचंय.
यातला कोणता मोडणार नाही, तेवढं सांगा.

भुसावळात, मे महिन्यात, पत्र्याखाली
असं काही विचारू नये कुणी.
हातातला पाना चटके देत होता.

मी दूधवाल्यांच्या सायकलींवर म्हातारा झालो.
लोखंडी क्रँक वाकला की
रुळाच्या तुकड्यावर ठेवून दोन घण,
तो ओशाळून सरळ व्हायचा, पुन्हा कामाला लागायचा.
ही दोन्ही पोरं त्या घरातली नाहीत.

काळा उचलला. दोन केळ्यांइतका भरला.
टोकाला, पायडलच्या आट्यांजवळ, ओरखडा.
नखानं चाचपला: नुसतं वार्निश गेलंय की आतले धागेही?
कार्बन म्हणजे कापडच शेवटी,
थरावर थर, राळेत भिजवून दाबलेलं.
दगड लागला तर वरून इस्त्रीचं
आणि आत उसवलेलं.

दुसऱ्यावर तर सातपुड्यातल्या
दर दगडानं सही केलेली.
"पण हा भरवशाचा," नवाब म्हणाला,
"जे असतं ते तोंडावर दाखवतो."

समोरच्या टपरीवरून तायडेबुवांना हाक मारली.
बत्तीस वर्षं रात्रीच्या गाड्यांच्या चाकांवर
हातोडी मारत फिरलेला माणूस;
बायकोचं एकदा सांगून ऐकत नाही,
लोखंडाचं कुजबुजलेलंही ऐकतो.
खिशातून दहाचं नाणं काढलं.

अ‍ॅल्युमिनियम: टिण, टिण, टिण, टोकापर्यंत.
कार्बन: टक, टक, टक,
आणि ओरखड्यापाशी
ठप्.
ओल धरलेल्या भिंतीसारखं.

"बघा भो!" नवाबनं चांदीचा क्रँक उचललासुद्धा.
"ठेव खाली," बुवा म्हणाले.
"चाक गातंय म्हणून पास करत नसतात."
रॉकेल मागितलं. रॉकेल आता कुठलं;
चेन धुवायच्या बाटलीत अर्धं बोट उरलेलं.
ते पायडलच्या भोकाभोवती चोळलं, मुरू दिलं, कोरडं पुसलं,
नातीच्या दप्तरातला खडू वरून घासला,
आणि चहा मागवला.

चहा आला तेव्हा
खडूच्या पांढऱ्यावर एक ओला केस उगवला होता.
ना तिथं खोच, ना पोचा.
तोंडावर दाखवणाऱ्यानं
एवढंच तेवढं गिळून ठेवलेलं.

"पण मी उतारावर पायडल मारतच नाही!"
मारत नाहीस रे. उभा राहतोस.
दोन्ही क्रँक आडवे धरून
पासष्ट किलो घेऊन हवेतून उतरतोस
ते याच भोकावर, दर उडीला.
हे आमच्या फैजपूरच्या किराणावाल्यासारखं,
दोन रुपयेसुद्धा मांडून ठेवतं,
वही भरेपर्यंत हसून रामराम करतं.

बुवांनी दोघांवर फुली मारली,
आजारी डब्याला मारतात तशी,
आणि चहाचे पैसे न देता निघून गेले.

रविवारी नवाब पालला गेला, सायकलीविना.
तिसऱ्या वळणावर सागाला टेकून
सगळ्यांना जाताना ऐकत बसला.
सोमवारी सांगत होता:
फेगड्यांचा जितू गेला ना, नवाकोरा कार्बन,
दगडावर आदळला आणि मला ठप् ऐकू आलं, काका, शपथ,
मी फुफाट्यात मागे पळालो, ओरडलो.

थांबला का?
"उतारावर कोण थांबतं."
मग?
"मग काय. पोचला खाली. पहिला आला."

क्रँक?
नवाबनं खिशात हात घातला,
इतर चिल्लर बाजूला करून
एक दहाचं नाणं वेगळं काढलं,
माझ्या काउंटरच्या पत्र्यावर सावकाश वाजवलं.
"वाजवू देत नाही तो," म्हणाला.